तिसरा आग्रह

उत्तरेकडच्या एली गावाच्या आसपास कुणी कॉफी विचारली तर पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारली की "कशाला उगाच त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारली की "बरं, एवढं म्हणताय तर अर्धा कप" असं म्हणून पोटभर प्यायची. यात खोटेपणा नाही. विचारणाऱ्यालाही सगळं ठाऊक असतं आणि किटलीत पाणी तो त्या हिशेबानंच टाकतो. पहिल्याच हाकेला कप पुढे करणारा माणूस एक तर शिकागोचा असतो, नाही तर त्याला ताप तरी भरलेला असतो. मात्र जो तिसऱ्यांदाही नको म्हणाला, त्याला खरंच नको असतं. त्याला चौथ्यांदा विचारणं म्हणजे अंगावर जाणं.

मार्लिस निएमी या मुलखातच जन्मली आणि इथल्याच शाळेच्या स्वयंपाकघरात उभी हयात काढून निवृत्त झाली. शाळेत पोरांना वाढताना तिनं कधी कुणाला दोनदा विचारलं नाही. पळी भरली की ताटात. पण स्वतःला काही घ्यायची वेळ आली की ही बाई तीनदा विचारल्याशिवाय पाण्याचा घोट घेणार नाही. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी पेल लेक तळ्याकाठी, दर सप्टेंबरात तिथं तंबू ठोकणाऱ्या व्हर्लिन ऑस्टबीनं शेकोटीत काडी सारत, तिच्याकडे न बघता, "माझ्या घराचा वरचा मजला रिकामाच असतो, कुणी राहायला आलं तर बरंच होईल, म्हणजे तुम्ही वगैरे," असं म्हटलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "छे छे, भलतंच काय!"

मनात म्हणाली, एक झालं.

मागच्या सप्टेंबरात, तळ्याकाठच्या कातळावर, तो पुन्हा म्हणाला, "तो वरचा मजला अजून तसाच आहे." ती म्हणाली, "तुम्हाला कशाला उगाच माझा त्रास." आणि मनात म्हणाली, दोन झाले. त्यानंतरचा सगळा हिवाळा तिनं बर्फ लोटत, खिडकीशी बसून विणत, मनातल्या मनात मांडे खात काढला. तिसऱ्यांदा विचारलं की काय म्हणायचं, हेसुद्धा ठरलं होतं. "बरं, एवढं म्हणताय तर." जास्त काही नाही. जास्त बोलणं तिला आवडत नसे.

आता तो सप्टेंबर आला होता, आणि नेमका याच वेळी मुलगा हट्टाला पेटला होता. डॅरेन अॅरिझोनात असतो. त्याचं म्हणणं, आई, तू सत्तरीला टेकलीस, एकटीनं बर्फ काढतेस, घर विक आणि इकडे ये. गिऱ्हाईक आहे, रविवारपर्यंत हो की नाही सांग. मुलगा वाईट नाही. त्याला आईची काळजीच आहे. पण मार्लिसनं एकदा त्याचं घर पाहिलं होतं. अंगणात दगड, आणि दगडांना पाणी घालावं लागत नाही म्हणून सगळे खूश. तिला तिकडे जायचं नव्हतं. तिला कुठं जायचं होतं ते तिला चांगलं माहीत होतं, पण ते तोंडानं सांगण्याची सोय तिच्या जन्मगावात कुणी करून ठेवलेली नव्हती. व्हर्लिननं या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारलं तर ती राहणार. नाही विचारलं तर अॅरिझोना.

"मग तूच का नाही विचारत त्याला?" कॉरीन म्हणाली. कॉरीन मार्लिसची धाकटी बहीण. वीस वर्षं शिकागोत काढून आलेली, त्यामुळे तिच्या जिभेला हाड उरलेलं नव्हतं.

"काहीतरीच काय," मार्लिस म्हणाली आणि पाठीवरचं बोचकं सावरून पुढे चालू लागली.

पेल लेकपर्यंत गाडी जात नाही. खडीचा रस्ता संपला की सामान आणि होडी खांद्यावर घेऊन देवदारांतून उतरायचं. सरकारी जंगल, पण सरकारची कृपा बेताचीच: तंबू ठोकण्याजोग्या दोन जागा, प्रत्येक जागेवर लोखंडी जाळीची एक चूल, आणि मागं झाडीत, ना भिंती ना छप्पर अशी संडासाची एक पेटी. नळ नाही, दिवा नाही. पाणी तळ्याचं, उकळून घ्यायचं. आणि जागा राखून ठेवायची सोय नाही. जो आधी येईल त्याची.

वर्षानुवर्षं, शाळा सुरू होऊन उन्हाळी गर्दी पांगली की अलीकडच्या जागेवर मार्लिस आणि तिचा नवरा हार्लन उतरायचे, आणि खाडीच्या पलीकडे, कातळावरच्या जागेवर व्हर्लिन आणि त्याची बायको जीनेट. मधल्या पाण्यावरून हात हलवायचा, बस. इतकी वर्षं हात हलवूनही त्यांना एकमेकांची आडनावं माहीत नव्हती. मग जीनेट गेली आणि पलीकडून एकच हात हलू लागला. मग हार्लन गेला.

त्या वर्षी मार्लिस कॉरीनला घेऊन आली तर त्यांच्या जागेवर आधीच एक तंबू उभा होता. तंबूतून व्हर्लिन बाहेर आला, टोपी काढली, म्हणाला, "इथं वारा फार लागतो मला. मी पलीकडेच जातो." आणि त्यानं तंबू सोडवून, सामान होडीत टाकून खाडी ओलांडली. चुलीशेजारी वाळलेल्या लाकडांची रास रचून ठेवलेली होती, पावसानं भिजू नये म्हणून वर बर्चच्या झाडाच्या साली. वारा इकडे लागतच नाही, हे तिथं एक रात्र काढलेल्या कुणालाही कळतं. कातळावर लागतो. तो दोन दिवस आधी येऊन तिची जागा धरून बसला होता. कॉरीन म्हणाली, "विचित्रच माणूस दिसतो." मार्लिस तंबूत गेली आणि हार्लन गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणानं रडली.

तेव्हापासून दर वर्षी व्हर्लिनला इकडे "वारा लागत" आलेला होता.

याही वर्षी लागला. तंबू उभा, लाकडं रचलेली, टोपी काढून तो उभा. जिल्ह्याचे रस्ते सपाट करणारं ग्रेडर यंत्र चालवून निवृत्त झालेला, उंच, खांद्यात जरा वाकलेला, बोलणं तोलूनमापून.

"कसं काय?" मार्लिसनं विचारलं.

"तसं वाईट नाही," तो म्हणाला. "तुमचं?"

"वाईट म्हणता येणार नाही."

इथं कुणाला लॉटरी लागली तरी तो याहून जास्त बोलत नाही, तेव्हा दोघांचाही आनंद एकमेकांपर्यंत पोचला. मग तो तंबू सोडवू लागला. मार्लिसला वाटलं, आता बोलेल. तो खुंट्या उपटत राहिला. म्हणाला, "यंदा ब्लूबेरी चांगल्या झाल्यात," आणि होडीत बसून गेला.

"ब्लूबेरी," कॉरीन म्हणाली. "अगं, याला कुणीतरी किल्ली द्या गं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मासे घेऊन आला. मार्लिसनं ते बिडाच्या तव्यावर लोण्यात तळले. तिघं ओंडक्यांवर बसून जेवली. पाण्यावर लून पक्षी ओरडत होता, बर्चची पानं पिवळी पडू लागली होती, गारठ्यानं डासांचा नायनाट झालेला, याहून चांगला मुहूर्त कुठला. तव्यात शेवटचा तुकडा उरला. शेवटचा तुकडा घेणं म्हणजे हावरटपणा, म्हणून व्हर्लिननं तो सुरीनं अर्धा केला आणि अर्धा घेतला. थोड्या वेळानं मार्लिसनं उरलेल्या अर्ध्याचं अर्धं घेतलं. मग त्यानं त्याच्या अर्ध्याचं अर्धं. तुकडा नखाएवढा झाला तरी दोघांची सुरी चालूच.

"देवा रे," म्हणून कॉरीननं तो उचलून तोंडात टाकला. "तुम्ही दोघं शाळेत अपूर्णांक शिकवायला हवे होतात."

मार्लिस हसली. व्हर्लिनही हसला, पण लगेच त्याचं हसू मावळलं आणि तो शेकोटीकडे बघत राहिला. मार्लिसनं वाट पाहिली. तिनं त्याला वाट करून देण्यासाठी म्हटलंसुद्धा, "डॅरेन म्हणतो, अॅरिझोनाला ये कायमची."

यापेक्षा मोठं दार कुणी कुणासाठी उघडत नाही. व्हर्लिननं टोपी हातात फिरवली.

"तिकडे हवा कोरडी असते म्हणतात," तो म्हणाला. "सांध्यांना चांगली."

"हो, म्हणतात खरं."

"मुलगा चांगला आहे तुमचा."

"चांगला आहे."

झालं. तो उठला, बरंय म्हणाला, आणि आपल्या जागेकडे वल्हवत गेला. मार्लिसनं तवा घासायला घेतला आणि तो इतका घासला की बिडावरचं वर्षानुवर्षांचं तेलपाणी निघून तवा पांढरा पडला. तिला राग आला होता. सांधे म्हणे! तिच्या सांध्यांना काही झालेलं नव्हतं.

अन्नाची पिशवी अस्वलांच्या भीतीनं झाडाला उंच टांगताना कॉरीन दोरी ओढत म्हणाली, "तुला एक सांगू? हा माणूस तुझ्यावरून जीव ओवाळून टाकतो, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. कुठंतरी पाणी मुरतंय. उद्या मी त्याच्याबरोबर मासे धरायला जाते."

"तू त्याला काही विचारायचं नाहीस."

"मी? मी मासे धरायला चाललेय."

"कॉरीन, माझी शपथ आहे तुला."

"दोरी बांध आधी, नाही तर पहाटे अस्वल येऊन माझी बिस्किटं खाईल."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोघांची होडी तळ्याच्या मध्यावर ठिपक्यासारखी दिसत होती. मार्लिसनं ब्लूबेरी वेचल्या, पाणी उकळलं, उकळलेलं पाणी पुन्हा उकळलं. कॉरीन परतली ती एकही मासा न घेता. होडी काठाला लागायच्या आधीच तिनं पाण्यात उडी टाकली आणि बूट पचपचवत वर आली. व्हर्लिन तसाच मागे वळून निघून गेला, या वेळी त्यानं हातही हलवला नाही.

"बस," कॉरीन म्हणाली. "बस आधी."

"तू विचारलंस त्याला. मला ठाऊकच होतं."

"विचारलं. एक घाव दोन तुकडे. म्हटलं, अरे बाबा, माझ्या बहिणीला अॅरिझोनाला धाडायला निघालायस, तुला काही वाटतं की नाही? तर वल्हं मांडीवर घेऊन बसला. मग म्हणाला, 'मी तिला तीनदा विचारलं. तिनं तीनदा नाही म्हटलं. मी काही असा माणूस नाही की बाईमाणसाला चौथ्यांदा विचारावं.'"

"तीनदा?" मार्लिस म्हणाली. "दोनदा! एकदा शेकोटीपाशी, एकदा त्या कातळावर."

"आणि तिसऱ्यांदा गाडीपाशी. मागच्या वर्षी निघताना. तो म्हणतो, तू काच खाली केलीस, त्यानं विचारलं, आणि तू तोंडावर सांगितलंस की माझं घरी भरपूर आहे, तुमचं तुम्हाला राहू दे."

मार्लिसचा हात तोंडावर गेला.

या भागात निरोप घेणं हे तासाभराचं काम असतं. एक निरोप शेकोटीपाशी, एक वाटेवर, एक गाडीच्या दारात, आणि शेवटचा इंजिन सुरू झाल्यावर काच खाली करून. मागच्या वर्षी त्या शेवटच्या निरोपाला व्हर्लिन खिडकीपाशी उभा होता. काखेत कागदात गुंडाळलेला, धुरी दिलेला ट्राउट मासा, त्यानं स्वतः धुरी दिलेला. एक हात गाडीच्या छपरावर. इंजिन घरघरत होतं. तो वाकून म्हणाला, "मग? नकोच ना?"

आणि मार्लिसनं माशाकडे बघून म्हटलं होतं, "नको नको. माझं घरी भरपूर आहे. तुमचं तुम्हाला राहू दे."

त्यानं छपरावर दोनदा थाप मारली आणि मागं सरकला. एका माशासाठी माणसाचा चेहरा इतका पडावा, याचं तिला तेव्हा नवलच वाटलं होतं. आणि खरं सांगायचं तर ती सगळी वाट मनात चरफडत गेली होती. धुरी दिलेला ट्राउट तिला जिवापाड आवडतो. पहिल्या नकाराला इतका बांधून आणलेला मासा परत नेतात का कुणी? एकदाच विचारतात? कंजूष मेला, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं होतं.

"मी माशाला नाही म्हटलं," ती म्हणाली. "कॉरीन, मी माशाला नाही म्हटलं गं."

कॉरीननं तिच्याकडे पाहिलं. मग ती ओंडक्यावर बसली आणि पोट धरधरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मार्लिस रडते आहे हे तिच्या लक्षात आलं आणि ती गप्प होऊन तिच्याजवळ सरकली.

"त्याचा सगळा हिवाळा कसा गेला असेल," मार्लिस म्हणाली. "मी इकडे मनात घर मांडतेय आणि तो तिकडे... आणि तरी आला बघ. तरी येऊन जागा धरून बसला. लाकडं रचून ठेवली."

"मग जा आणि सांग त्याला."

"काय सांगू? 'तेव्हा मी माशाला नाही म्हटलं, तेव्हा आता पुन्हा विचारा'? म्हणजे हात पसरण्यासारखंच झालं की."

"मग पसर! भीड ही भिकेची बहीण असं आपली आई नाही का म्हणायची? सगळा जन्म भिडेत काढलास. हार्लननं तुला मागणी घालायला किती वर्षं घेतली?"

"हार्लनचं नाव काढू नकोस."

"काढते. हार्लन चांगला होता. हार्लन असता तर त्यानंच तुला त्या होडीत बसवून ढकललं असतं."

ते खरं होतं. हार्लन तसाच होता. शेवटच्या आजारात एकदा तो म्हणाला होता, "तळ्यावर जात जा गं. तिथं तो पलीकडचा आहे, हात हलवायला." तेव्हा तिनं त्याला गप्प केलं होतं.

सकाळी तळ्यावर धुकं होतं. कॉरीन अजून झोपलेली होती, किंवा झोपेचं सोंग घेऊन पडलेली होती. मार्लिसनं चूल पेटवली आणि लग्नाकार्याला करतात तशी कॉफी केली: कॉफीच्या पुडीत अंडं फोडून कालवायचं, उकळत्या पाण्यात सोडायचं, वरून गार पाण्याचा हबका मारायचा की गाळ तळाशी बसतो आणि वर सोन्यासारखी कॉफी. तिनं ती थर्मासात भरली. ताकाला जायचं तर निदान भांडं तरी हातात हवं.

मग ती होडीत बसली, आणि तिथं पहिली अडचण आली. उभ्या आयुष्यात ती होडीत पुढेच बसली होती. मागं बसून दिशा हार्लन द्यायचा, नंतर कॉरीन. आता ती मागे बसली तर रिकामं पुढचं टोक हवेत वर उचललं गेलं. वारा सुटला आणि त्यानं ते टोक धरून होडी गर्रकन फिरवली. तिनं डावीकडे वल्हं मारलं, होडी उजवीकडे गेली. उजवीकडे मारलं, ती डावीकडे गेली. धुकं विरळ होत गेलं, तशी तिला पलीकडच्या कातळावर उभी असलेली उंच आकृती दिसली. व्हर्लिन तिच्याकडे बघत होता. न विचारता सल्ला देणं हेही इथं अंगावर जाणंच समजतात, म्हणून तो गप्प उभा होता, फक्त तिनं चुकीच्या बाजूला वल्हं मारलं की त्याचा खांदा आपोआप दुसऱ्या बाजूला झुकत होता.

मार्लिसच्या डोक्यात एकदा आलं, परत फिरावं. पण परत फिरवता येत असती होडी तर ना. दोन गिरक्या झाल्यावर तिनं हार्लनला आठवून पाहिलं, तो एकटा मासे धरायला जायचा तेव्हा काय करायचा. मग ती गुडघ्यांवर पुढे सरकली आणि होडीच्या मध्यावर बसली. टोक खाली आलं. होडीला शहाणपण आलं. वाकडीतिकडी का होईना, ती कातळाच्या दिशेनं चालली.

ती काठापाशी पोचेपर्यंतही व्हर्लिनला धीर निघाला नाही. तो तसाच, बूट-मोज्यांसकट, गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्यानं होडीचं टोक धरलं.

"पाय भिजले तुमचे," मार्लिस म्हणाली.

"वाळतील."

"पाणी गार असेल."

"तसं वाईट नाही," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

त्यानं होडी ओढून घेतली, तिला उतरायला हात दिला आणि ती उतरल्याबरोबर हात सोडून दिला. दोघं त्याच्या चुलीपाशी आली. इकडे खरंच वारा होता. जाळ सारखा आडवा होत होता. मार्लिसनं थर्मास पुढे धरला.

"कॉफी घ्या."

"नको नको, तुम्हालाच राहू दे."

"घ्या हो."

"कशाला उगाच..."

"मागच्या वर्षी," मार्लिस म्हणाली, आणि थर्मास खाली ठेवला, "गाडीच्या खिडकीपाशी तुम्ही विचारलंत ना, नकोच ना म्हणून. मी माशाबद्दल बोलत होते."

व्हर्लिन तिच्याकडे बघत राहिला.

"तुमच्या काखेत मासा होता," ती म्हणाली. "मला वाटलं, मासा घ्या म्हणताय."

"मासा," तो म्हणाला. तो मागचा सगळा हिवाळा पुन्हा एकदा, या नव्या उजेडात, बघत असावा. "तो मासा मी तुमच्यासाठीच आणला होता. मग तुम्ही नाही म्हणालात, आणि मी तो घेऊन घरी गेलो. मला खाववला नाही. शेजाऱ्याच्या कुत्र्यानं खाल्ला."

"कुत्र्यानं!" मार्लिसला त्या माशाचं खरोखर वाईट वाटलं. "मला किती आवडतो तो."

"मग घ्यायचा ना."

"मग पुन्हा विचारायचं ना!"

जाळ आडवा झाला, पुन्हा उभा राहिला. व्हर्लिननं टोपी काढली. त्यानं घसा साफ केला, आणि मार्लिसला कळलं की आता हा तिसऱ्यांदा विचारणार. ज्या शब्दांची ती वर्षभर वाट बघत होती ते शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते. पण हा माणूस तिच्यासाठी वर्षानुवर्षं जागा धरून बसला होता, आत्ता गार पाण्यात उभा राहिला होता, आणि नाही ऐकून झाल्यावरही लाकडं रचत राहिला होता. याच्याच तोंडून पुन्हा वदवून घेणं तिला बरं वाटेना. प्रत्येक वेळी भीतीच्या पाण्यात यानंच का उतरावं?

"थांबा," ती म्हणाली. "तुमचं विचारून झालंय. आता माझी पाळी."

त्यानं तोंड मिटलं.

"चला माझ्याकडे राहायला," मार्लिस म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "एलीला. घर लहान आहे, आणि हिवाळ्यात पुढचं दार चिकटतं, ढकलावं लागतं. पण या. कायमचे या. मला तुम्ही हवे आहात."

असं वाक्य तिनं हार्लनलाही कधी म्हटलं नव्हतं. तिचे कान तापले. पण सोडणार नव्हती ती. होडीच्या गिरक्यांत तिनं सगळं ठरवून ठेवलं होतं: तो पहिल्यांदा नको म्हणेल, मग ती म्हणेल त्रास कसला. तो दुसऱ्यांदा नको म्हणेल, मग ती म्हणेल की मलाच सोबत होईल. आणि मग ती तिसऱ्यांदा विचारेल, आत्ता, इथंच, याच कातळावर. पुढच्या सप्टेंबरवर ढकलायचं नाही.

"हो," व्हर्लिन म्हणाला.

"छे, त्रास कसला त्यात," मार्लिस म्हणाली. "उलट मलाच सोबत. एक खोली तर नुसती..."

"मार्लिस."

"...नुसती पडूनच असते, आणि स्वयंपाक काय, मी एकटीसाठी करतेच की..."

"मार्लिस, मी हो म्हणालोय."

ती थांबली. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. ताप नव्हता. शिकागोशी त्याचा काही संबंध नव्हता. जन्मात कधी कुणाच्या घरची बिस्किटाचा तुकडासुद्धा त्यानं दुसऱ्या हाकेच्या आत उचलली नसेल.

"पहिल्याच वेळी?" तिनं विचारलं.

व्हर्लिन कानापर्यंत लाल झाला. "आपला वेग वर्षाला एक आहे," तो म्हणाला. "मी बहात्तरचा झालो. तिसऱ्यापर्यंत पोचायची खात्री नाही मला."

मार्लिसला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले, आणि ती खाली वाकून त्याच्या बुटांची नाडी सोडू लागली, कारण कुठंतरी बघायला तर हवंच होतं.

"मग आधी हे ओले मोजे काढ," ती म्हणाली. "सर्दी झालेला माणूस मला घरात नको."